कुत्रं न चावलेली माणसं

जाळीवाल्याच्या पोटात दुखायला लागायचं ते सासऱ्यांच्या घराच्या पायरीवरच. हे दुखणं औषधानं बरं होण्यातलं नव्हतं. त्याचं कारण एकच होतं, आणि ते कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीच येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसलेलं असायचं.

ती खुर्ची थोरल्या जावयाची. म्हणजे जाळीवाल्याच्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची, त्याच्या साडूची. सरकारी दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांना इंजेक्शनं द्यायची जी खोली होती, ती हा माणूस बरीच वर्षं सांभाळत होता. दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. ते नाव फाटकाबाहेर पडलं आणि गावभर झालं. फळवाली त्याला ब्रदर म्हणायची, शाळेतल्या बाई ब्रदर म्हणायच्या, खुद्द सासरेही जावयाला ब्रदर म्हणायचे. असा हा सगळ्या जगाचा भाऊ नेमका जाळीवाल्याच्याच वाट्याला साडू म्हणून आला होता.

जाळीवाला स्वतः नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या गाडीवर होता. लांब दांड्याची, लोखंडी कडीची जाळी घेऊन गल्लीत उतरायचं, कुत्र्याच्या पळण्याचा अंदाज घेऊन ती त्याच्यावर टाकायची, दांडा दाबून त्याला जमिनीशी धरून ठेवायचं, मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई जाळीतूनच त्याच्या मांडीत लस टोचायच्या. पाठीवर निळ्या रंगाचा एक फराटा ओढला की झालं, कुत्रं सुटलं. गाडीवर कुणी कुत्र्यांना मारत नव्हतं की कुठं नेऊन सोडत नव्हतं. तरीही गाडी वळणावर दिसली की बायका पोरांना घरात ओढत, म्हातारे काठी उगारत, आणि ज्या कुत्र्याला रोज सगळे हाडहाड करत तेच कुत्रं जाळीत ओरडायला लागलं की अख्ख्या गल्लीला त्याचा कळवळा यायचा. जाळीवाल्यानं किती शिव्या खाल्ल्या असतील त्याला गणती नाही. चावे त्यामानानं कमी खाल्ले होते.

म्हणजे बघा, दोघं साडू एकाच रोगाच्या दोन टोकांना उभे होते. कुत्रं चावल्यानंतरचा माणूस ब्रदरचा आणि चावण्याआधीचा जाळीवाल्याचा. फरक इतकाच, की चावल्यानंतरच्या माणसाला तोंड असतं आणि ते तोंड जन्मभर ब्रदरचं कौतुक करतं.

त्या रविवारी जाळीवाला घरून साबण लावून आंघोळ करून निघाला होता, धुतलेला शर्ट घातला होता. तरी सासूबाई दारातच म्हणाल्या, "जावईबापू, आधी हात धुऊन घ्या हो. साबण तिथंच ठेवलाय." ब्रदर दिवसभर त्याच कुत्र्यांनी केलेल्या जखमा हाताळून आलेला असायचा, पण त्याला कुणी कधी साबण दाखवला नव्हता. जाळीवाला मुकाट्यानं हात धुऊन आत आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. ते स्टूल एका पायात लंगडं होतं. सासरे दरवेळी म्हणायचे की दुरुस्त करायला हवं.

बसतो न बसतो तोच दारात एक गृहस्थ आले. हातात संत्र्यांची पिशवी. त्यांच्या मुलाला मागे कुत्रं चावलं होतं, ब्रदरनं इंजेक्शनं दिली होती, आणि आता तो मुलगा परीक्षेत पहिला आला होता. परीक्षेचा आणि इंजेक्शनाचा काय संबंध, असं जाळीवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण गृहस्थांचे डोळे भरून आले होते. "ब्रदर, तुम्ही होतात म्हणून," एवढंच ते म्हणाले आणि पिशवी ठेवून गेले. सासऱ्यांना कौतुकाचं भरतं आलं. सासूबाईंनी संत्री सोलून सगळ्यांना दिली. जाळीवाल्याला त्याची फोड आंबट लागली. संत्री गोड होती, सगळ्यांनी तसं सांगितलं.

परतताना त्यानं बायकोला विचारलं, "मला सांग, आजवर रस्त्यात कुणी मला थांबवून म्हणालंय का, की तुमच्यामुळे मला कुत्रं चावलं नाही?"

"अहो, ज्याला चावलंच नाही त्याला कसं कळणार ते?"

"तेच तर म्हणतोय मी."

"मग नाही कळत तर नाही कळत. त्यात एवढं काय?"

"ब्रदरचं बरं कळतं सगळ्यांना."

बायको चालता चालता थांबली. "तुम्ही ताईच्या नवऱ्यावर जळता."

"छे, मी कशाला जळू?"

"जळता. मला करपल्याचा वास येतो." आणि ती पुढे निघाली.

खोटं कशाला बोला, तो जळत होताच. पण त्याची जळण्याची तऱ्हा जरा वेगळी होती. ब्रदर वाईट माणूस असता तर जाळीवाला सुखी झाला असता. चार दोष काढले असते, बायकोशी भांडला असता, मोकळा झाला असता. पंचाईत अशी होती की ब्रदरमध्ये दोष सापडत नव्हता. गाडीवरच्या माणसांना आधीपासूनच संरक्षणाची इंजेक्शनं घ्यावी लागतात, ती जाळीवाल्याला ब्रदरनंच दिली होती. हात इतका हलका की सुई आत गेल्याचं कळलंही नाही. तेच त्याला जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई या खात्यात येण्याआधी गाडी तक्रार येईल तिकडे पळत असे. आज बाजारातली दोन कुत्री, उद्या तळ्याकाठची चार. बाईंनी ते बंद केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावातल्या दहा कुत्र्यांपैकी सात टोचली, आणि तीही सगळ्या गावात एका दमात, तर पिसाळलेल्या कुत्र्याला रोग द्यायला पुढचं कुत्रं सापडत नाही. ते एकटं मरतं आणि रोगही त्याच्याबरोबर जातो. तुरळक टोचत बसलं तर पैसा जातो आणि रोग आपला गल्ली बदलून जगतो.

मग पैपैचा हिशेब लावून त्यांनी दौरा बसवला. आधी चौकात मंडप. तिथं लोक आपली पाळलेली कुत्री दोरीनं ओढत, कडेवर घेत आणायचे. हे सगळ्यात स्वस्त पडायचं. पण मंडपात येतात ती लाडाची कुत्री, उकिरड्यावरच्या कुत्र्याला कोण कडेवर घेऊन येणार? त्यांच्यासाठी जाळी. जाळीला माणसं लागतात, गाडीला तेल लागतं, म्हणून कुत्र्यामागे खर्च वाढतो. आणि जी कुत्री गाडीचा आवाज ओळखून आधीच पसार होतात, त्यांच्यासाठी मांसाच्या गोळ्यात दडवलेली लसीची पुडी. ती सगळ्यात महाग, म्हणून बाई ती अगदी हात आखडून वापरत. जाळीवाल्याला त्या पुडीचाही थोडा हेवा वाटायचा. तिच्याकडे कुत्री शेपूट हलवत जायची.

"एका चावलेल्या माणसाच्या सगळ्या इंजेक्शनांना जेवढं लागतं ना," बाई गाडीत बसल्या की म्हणायच्या, "तेवढ्यात आपण एक गल्ली निळी करतो." जाळीवाल्याला हे वाक्य इतकं आवडायचं की तो ते घरी, पानाच्या टपरीवर आणि न्हाव्याकडे स्वतःचं म्हणून वापरायचा. कुणी ऐकून घ्यायचं नाही. न्हावी म्हणायचा, मान सरळ ठेवा.

दौरा पुन्हा पुन्हा झाला, आणि दवाखान्यातलं बाकडं रिकामं व्हायला लागलं.

इंजेक्शनाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक लांब लाकडी बाकडं होतं. बसून बसून गुळगुळीत झालेलं. पूर्वी त्यावर जागा मिळायची नाही, लोक भिंतीला टेकून उभे असायचे, पोटरीला फडकं गुंडाळलेले, रडणारं मूल खांद्यावर घेतलेले. जाळीवाला आता काहीतरी निमित्त काढून तिकडे चक्कर मारायला लागला. बाकड्यावर चार माणसं दिसली तर दोघांना तरी विचारायचा, कुठल्या गल्लीतलं कुत्रं? बहुतेक बाहेरगावचे निघायचे. मग त्याची छाती जरा वर यायची. पुढे पुढे विचारायलाही कुणी उरेना. एका दुपारी तर बाकड्यावर मांजर झोपलं होतं.

त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. सुटी असली की तो मुद्दाम जाऊन समोरच्या भिंतीला टेकून ते रिकामं बाकडं बघत उभा राहायचा. लोकांकडे संत्री यायची, पत्रं यायची. त्याच्याकडे हे बाकडं होतं.

"काय साडूभाऊ, आज गिऱ्हाईक नाही वाटतं?" त्यानं एकदा आत डोकावून विचारलं.

ब्रदर कापसाचे बोळे करत बसला होता. "नाही कुणी. बरंच आहे की," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. जाळीवाल्याची सगळी मजा गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण गावानं या रिकाम्या बाकड्याचा अर्थ भलताच लावला. लोक म्हणायला लागले, ब्रदरच्या हातालाच यश आहे, त्यानं हा रोगच हटवला. फळवाली म्हणाली, टपरीवाला म्हणाला. शेवटी सासरे म्हणाले, तेव्हा जाळीवाला त्या लंगड्या स्टुलावरून पडता पडता राहिला. त्यात बातमी आली की आरोग्य खात्याचे साहेब ब्रदरच्या कामावर खूश आहेत आणि त्याला मोठी खोली, हाताखाली दोन माणसं आणि बढती द्यायचं त्यांच्या मनात आहे. खात्याकडे पैसा बेताचाच होता, तो कुठं लावायचा ते साहेब वर्षअखेरीला ठरवणार होते.

जाळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या भरात त्यानं ती गोष्ट केली.

साहेबांच्या घरी एक केसाळ कुत्रं होतं, त्याला टोचायला गाडी बंगल्यावर जायची. कुत्रं धरून ठेवलेलं असताना जाळीवाला अगदी सहज बोलल्यासारखं बोलला, "साहेब, एकदा दवाखान्यातली ती इंजेक्शनाची खोली बघून या. दुपारचं जा. मोठी खोली देण्याआधी आहे ती भरते का ते तरी दिसेल."

साहेब गेले. बाकड्यावर मांजर होतं. ब्रदर पेपर वाचत होता. मोठी खोली रद्द झाली, बढती रद्द झाली. त्या दिवशी जाळीवाला दुप्पट जेवला आणि बायकोला म्हणाला की आज भाजी छान झालीय. तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांच्या आवारात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"साहेब काल दवाखान्यात गेले होते," त्या म्हणाल्या. "बाकडं रिकामं दिसलं त्यांना. म्हणाले, कुत्री चावतच नाहीत तर दौरा कशाला? पुढच्या वर्षीपासून दौरा बंद. ही गाडी पाणीखात्याला देणार आहेत."

ड्रायव्हर गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. जाळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला ब्रदरचं नाक कापायचं होतं आणि धोंडा पडला होता तो स्वतःच्या पायावर. ज्या बाकड्याला तो आपलं सर्टिफिकेट समजत होता, तेच साहेबांनी उलटं धरून वाचलं होतं.

"कुणी त्यांना तिथं पाठवलं देव जाणे," बाई म्हणाल्या. "बघायला हरकत नव्हती. पण अर्धंच बघून आले. अहो, कुत्र्यांना दरवर्षी पिल्लं होतात, म्हातारी कुत्री मरतात. दौरा थांबला की दहातली सात होती त्यांची बघता बघता तीन होतील. मग बाकडं पुरणार नाही. मी सांगितलं त्यांना. तर म्हणाले, तुम्ही कुत्र्यांच्या डॉक्टर, कुत्र्यांचंच बोलणार. माणसांच्या दवाखान्यातलं कुणी सांगितलं तर विचार करू." त्या जाळीवाल्याकडे वळल्या. "ब्रदर तुमचे साडू ना? त्यांचं ऐकतील साहेब. तुम्हीच शब्द टाका."

जाळीवाल्यानं मान डोलावली. दुसरं काय करणार? ज्याची बढती आदल्याच दिवशी आपण घालवली, त्याच्याच दारात जाऊन हात पसरायचा. दोन दिवस तो उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. गल्लीत जाळी टाकताना नेम चुकायला लागला. एक खरजेलं कुत्रं जाळीखालून निसटून लांब जाऊन उभं राहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिलं, तेव्हा त्याला वाटलं की आता कुत्र्यांनाही कळलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बाकडं आज रिकामं नव्हतं.

एक बाई तिथं बसली होती, अंगावर विटांची लाल धूळ, आणि तिच्या मांडीवर आठेक वर्षांची मुलगी. मुलीच्या गालावर धरलेला पदर लाल झाला होता. जाळीवाल्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "कुठल्या गल्लीतलं कुत्रं?"

"वीटभट्टीवरचं," बाई म्हणाली. "आमचंच होतं. कालपासून काही खात नव्हतं, आज हिच्यावर आलं."

वीटभट्टी गावाच्या हद्दीबाहेर. तिथं गाडी कधी गेलीच नव्हती. जाळीवाल्याचा जीव भांड्यात पडला, आपलं कुत्रं नव्हे. आणि लगेच पुढचा विचार आला: साहेबांनी आत्ता यायला हवं होतं. आत्ता बघायला हवं होतं त्यांनी हे बाकडं.

"साडूभाऊ, आलात का? बरं झालं," आतून ब्रदर म्हणाला. "जरा हात लावा. हिचं डोकं धरा."

मग नळाखाली ब्रदर ती जखम साबणानं धुत राहिला. एकदा धुऊन झालं तरी थांबेना. फेस, पाणी, पुन्हा फेस. मुलगी किंचाळत होती आणि जाळीवाल्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. जाळीखालचं कुत्रं सुरुवातीला जसं थरथरतं तसं ते डोकं त्याच्या तळव्यांत थरथरत होतं. गाल फाटला होता. आणि त्याच्या लक्षात आलं की दोन मिनिटांपूर्वी बाकड्यावर ही पोर बघून आपल्याला आनंद झाला होता. एक चावलेलं माणूस मिळालं म्हणून आनंद. त्याला स्वतःची शिसारी आली. हात सोडून बाहेर पळावंसं वाटलं, पण डोकं सोडून चालणार नव्हतं.

ब्रदरनं जखमेच्या कडेनं औषध टोचलं, मग दंडात लस दिली. मुलगी हळूहळू हुंदक्यांवर आली. जाताना तिनं ब्रदरचं एक बोट मुठीत धरलं आणि दारापर्यंत सोडलं नाही. ज्यानं सुया टोचल्या त्याचं बोट. डोकं धरणाऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. स्वतःची शिसारी येऊन अजून फार वेळ झाला नव्हता, तरी जाळीवाल्याच्या पोटात पुन्हा दुखलंच.

ती दोघं गेल्यावर ब्रदर हात पुसत म्हणाला, "साहेबांना तुम्हीच पाठवलंत ना?"

जाळीवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "हो."

"वाटलंच मला. एवढ्या दुपारच्या उन्हात साहेब आपणहून कशाला येतील?"

"चुकलं माझं."

"चुकलं खरं," ब्रदर म्हणाला आणि एकेक बोट पुसत राहिला. मग बोलला तो भलतंच. "तुम्हाला तो गाडीवान आठवतो? तळ्यापलीकडचा? पिल्लानं नुसतं ओरबाडलं होतं त्याला. त्यानं मनावर घेतलं नाही. इथं आला तेव्हा पाणी बघून घाबरत होता. भांडं हातात दिलं की हात कापायचे. तहान लागलेली, आणि घोट उतरत नाही. तोवर उशीर झालेला, माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, साडूभाऊ. त्याची आई अजून बाजारात भेटते. थांबते, माझ्या मुलांची चौकशी करते. संत्री आणणारे परवडले, ती भेटली की मला घरी जाववत नाही." त्यानं टॉवेल खुंटीला अडकवला. "तुमचा हेवा वाटतो मला कधीकधी. तुमच्या हातून निसटलेलं माणूस तुम्हाला असं बाजारात भेटत नाही."

जाळीवाला ऐकतच राहिला. त्याला वाईट वाटलं. आणि त्यापाठोपाठ दुसरा विचारही वर आला, की घ्या, दुःखातसुद्धा हा माणूस आपल्या पुढेच. शिवाय हेवा वाटतो हे किती सरळ बोलून गेला. आपल्याला इतक्या वर्षांत स्वतःच्या बायकोसमोर ते कबूल करता आलं नाही.

"डॉक्टरीणबाईंनी पाठवलंय मला," शेवटी तो म्हणाला. "दौरा बंद होतोय. तुम्ही साहेबांशी बोललात तर..."

"माझ्या बढतीची वाट लावून मलाच सांगताय," ब्रदर म्हणाला. पण त्यानं पेन काढून खिशाला लावलं होतं आणि शर्टाची बाही सारखी करत होता.

साहेबांच्या खोलीत जाळीवाला आणि डॉक्टरीणबाई मागे भिंतीशी उभे राहिले. ब्रदरला साहेबांनी खुर्ची दिली. अर्थात दिली.

"साहेब, बाकडं रिकामं आहे ते माझ्यामुळे नाही," ब्रदर म्हणाला. "माझ्याकडे माणूस येतो तो चावल्यावर. न चावलेला माणूस माझ्याकडे कशाला येईल? तो यांचा." त्यानं मागे न बघता अंगठा दाखवला. "मला मोठी खोली हवी असेल तर सोपं आहे, यांची गाडी बंद करा. दोन वर्षांत मी तुमच्याकडे दोन खोल्या मागायला येईन आणि तुम्हाला द्याव्या लागतील. एकेका माणसाला मी जे टोचतो त्याचा दर तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा मला रिकामं बसवणं स्वस्त पडेल."

साहेब हसले. मग बाईंकडून त्यांनी सगळं पुन्हा समजून घेतलं, या वेळी मन लावून. दौरा राहिला. वीटभट्टीही त्यात घ्या असं ब्रदरनं उठता उठता सांगितलं, तेही मान्य झालं. आणि रिकामं बसवायचंच कशाला म्हणून साहेबांनी ठरवलं की इंजेक्शनाची खोली दुसऱ्या नर्सबाई बघतील, आणि दौऱ्याच्या दिवसांत ब्रदरनं गाडीवर जायचं. डॉक्टरीणबाई मंडपात बसतील, गल्लीत लस ब्रदर टोचेल. जाळी जाळीवाल्याची आणि सुई ब्रदरची.

म्हणजे जाळीवाला जिंकला. गाडी वाचली, जाळी वाचली, बाकडं कुणामुळे रिकामं हे साहेबांच्या खोलीत मोठ्यानं बोललं गेलं. आणि गाव काय म्हणालं? ब्रदरचं मन केवढं मोठं. स्वतःची बढती सोडून साडूची नोकरी राखली. पुढच्या रविवारी सासऱ्यांनी ही हकीगत आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी त्यात साहेबही रडायला लागले. साऱ्या गोष्टीत जाळीवाल्याचं नाव एकदाच आलं, तेही "आपल्या धाकट्यांची गाडी" एवढंच. तो स्टुलावर बसून ऐकत होता. स्टूल अजून लंगडंच होतं.

"करपलं वाटतं पुन्हा," बायको त्याच्या कानाशी म्हणाली.

"गप्प बस," तो म्हणाला.

गाडीवर तर आणखी कमाल. ज्या गल्ल्यांत त्याला शिव्या मिळायच्या, तिथं ब्रदर उतरला की लोक घरातून खुर्च्या आणायचे. चहा यायचा. जाळीवाला कुत्र्यावर दांडा दाबून घामाघूम वाकलेला असायचा आणि एखादी आजी वरून म्हणायची, "अहो, तुम्ही जरा सरका, ब्रदरना सावलीत उभं राहू द्या." तो दात आवळून सरकायचा. कुत्रंही सरकायचं.

हा असा दौरा वीटभट्टीवर पोचला.

विटांच्या रांगांमधून ती मुलगी धावत आली. गालावरची जखम भरली होती, पण डोळ्यापासून ओठापर्यंत व्रण राहिला होता, हसली की तो ओढला जायचा. तिनं थेट ब्रदरचं बोट धरलं आणि त्याला आपली झोपडी, आपलं मडकं, आपल्या आईनं रचलेल्या विटा दाखवायला घेऊन गेली. तिची आई पदराला हात पुसत आली आणि तीही ब्रदरपाशीच थांबली. जाळीवाला एकटाच जाळी घेऊन उभा. त्याला वाटलं, डोकं मी धरलं होतं. कुणाला आठवतंय का? कुणालाच आठवत नव्हतं.

विटांच्या ढिगामागे एक तांबडं पिल्लू दिसलं. त्यानं जाळी टाकली. नेम आज अचूक लागला. ब्रदर आला, टोचून गेला, जाळीवाल्यानं पाठीवर निळा फराटा ओढला. आणि तेवढ्यात एक मातीचं ढेकूळ येऊन त्याच्या पाठीत बसलं.

ढिगाच्या कडेला एक छोटी मुलगी उभी होती. ब्रदरचं बोट धरलेल्या थोरलीची धाकटी बहीण असावी, जेमतेम चारएक वर्षांची, हातात दुसरं ढेकूळ तयार. "सोड माझ्या पिल्लूला," ती ओरडली. "तू वाईट आहेस. घाणेरडा माणूस." जाळी उचलताच पिल्लू तिच्याकडे पळालं, तिनं त्याला कवटाळलं, ओला निळा रंग तिच्या तळव्यांना लागला. तो बघून तिला आणखी रडू फुटलं, आणि ती रडत रडत तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या जाळीवाल्याला द्यायला लागली. पिल्लू तिचे गाल चाटत होतं.

आई धावली. "अगं, गप. माफ करा हो, लहान आहे."

"राहू द्या, राहू द्या," जाळीवाला म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता तसाच बसून राहिला आणि त्या पोरीकडे बघत राहिला. डावा गाल, मग उजवा गाल. दोन्ही मळके, दोन्ही ओले, दोन्ही धड.

ब्रदर शेजारी येऊन उभा राहिला. थोरली अजून त्याच्या बोटाला लटकलेली होती.

"फारच चिडली तुमच्यावर," ब्रदर म्हणाला.

"चिडू दे," जाळीवाला म्हणाला. त्यानं थोरलीच्या गालावरच्या व्रणाकडे पाहिलं, मग पुन्हा धाकटीकडे. "ती थोरली तुमची, साडूभाऊ. ही माझी."

दुसरं ढेकूळ त्याच्या खांद्याला लागलं. तो हलला नाही.